नुंगंबाक्कम ते नुंगंबाक्कम : तळ्याकाठची सायकलफेरी

मुंबईच्या धोबी तलावात तलाव नाही. गोवालिया टँकला पाणी नाही. पुण्याच्या सारसबागेत संध्याकाळी भेळ खायला जमणाऱ्या किती मंडळींना ठाऊक असते की, आपण एका आटवलेल्या तळ्याच्या पोटात बसलो आहोत? चेन्नईचे नुंगंबाक्कम याच जातीचे. येथे ‘लेक एरिया’ नावाची वस्ती आहे, ‘टँक बंड रोड’ नावाचा रस्ता आहे. फक्त तळे तेवढे नाही. नुंगंबाक्कमपासून दक्षिणेकडे काही किलोमीटर लांब पसरलेल्या जुन्या जलाशयाचा एक भाग १९२० च्या दशकात भरून त्यागरायनगर वसले. उरलेल्या नुंगंबाक्कम तळ्यावर पुढे १९७० च्या दशकात भराव पडला आणि १९७६ मध्ये तेथे वळ्ळुवर कोट्टम उभे राहिले. तिरुवळ्ळुवरांच्या स्मारकाचा तो दगडी रथ सुमारे ३९ मीटर उंच आहे आणि आतल्या सभागृहात त्यांचे १,३३० कुरळ कोरलेले आहेत. स्मारक देखणे आहे यात शंका नाही.

याच ठिकाणाहून निघून, चेन्नईच्या दक्षिणेचा आणि पश्चिमेचा ग्रामीण भाग पालथा घालून पुन्हा येथेच परतायचे, अशी एक चार टप्प्यांची सायकलफेरी करता येते. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. घाट एकही नाही, सगळा मुलूख पोळपाटासारखा सपाट. महाबलीपुरम, चेंगलपट्टू, वेदांतंगल, उत्तिरमेरूर, कांचीपुरम आणि परत. मोटारीने ही सगळी ठिकाणे दोन दिवसांत ‘उरकता’ येतात. पण मोटारीच्या खिडकीतून जे दिसत नाही ते सायकलवरून दिसते, आणि ते म्हणजे तळी. तमिळमध्ये त्यांना ‘एरी’ म्हणतात. रस्ता जरा उंच झाला, एका बाजूला ताडाची रांग आणि दुसऱ्या बाजूला खाली भातखाचरे दिसू लागली की समजावे, आपण एरीच्या बांधावर आहोत.

निघण्यापूर्वी

या भागात आपल्याकडच्यासारखा जून-जुलैचा पावसाळा नसतो. खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. वर्षाला सरासरी १,४०० मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसाचा मोठा हिस्सा या तीन महिन्यांतच कोसळतो. म्हणून डिसेंबरची अखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तळी भरलेली असतात, पक्षी आलेले असतात आणि ऊन सोसवते. मार्चनंतर मात्र या वाटेला जाऊ नये.

चक्रीवादळाचा इशारा असेल तर बेत सरळ पुढे ढकलावा. गंमत अशी की, तो इशारा बहुधा नुंगंबाक्कमहूनच आलेला असतो. येथील कॉलेज रोडवर हवामान खात्याचे कार्यालय आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ मध्ये याच परिसरात वेधशाळा उभारली होती. ‘नुंगंबाक्कम इतके सेंटिमीटर, मीनंबाक्कम इतके’ हे चेन्नईकरांच्या कानांना पाऊस मोजण्याचे रोजचे परिमाण, जसे मुंबईकरांना कुलाबा आणि सांताक्रुझ.

सायकल फार भारी असण्याची गरज नाही. शेवटी आपल्या घरोघरी फिरलेल्या हर्क्युलिस आणि बीएसए सायकली याच शहराच्या अंबत्तूर उपनगरातल्या कारखान्यातून यायच्या. मात्र पंक्चर काढण्याचे सामान, हवेचा पंप, मागचा लाल दिवा आणि दोन बाटल्या पाणी हवेच. चार तमिळ शब्द पाठ करावेत. तण्णी म्हणजे पाणी, इळनीर म्हणजे शहाळे, एरी म्हणजे तळे आणि मोर म्हणजे ताक! हा शेवटचा शब्द मुलांना कधीच विसरायला होत नाही.

पहिला टप्पा : समुद्राच्या कडेने

पहाटे साडेचारला निघणे हे पहिल्या दिवशीचे अर्धे यश. मार्गळी महिना, म्हणजे डिसेंबरचा मध्य ते जानेवारीचा मध्य, असेल तर मैलापूरच्या गल्ल्यांतून जाताना दारोदारी बायका रांगोळी घालताना दिसतात. तिला येथे कोलम म्हणतात. देवळांतून भक्तिगीते कानी येतात आणि सायकलवाल्याला रस्ता मोकळा मिळतो. अड्यार नदी ओलांडली, तिरुवान्मियूर मागे टाकले की ईस्ट कोस्ट रोड लागतो.

या रस्त्याची कीर्ती मोठी आणि धोकाही तितकाच. शनिवार-रविवारी शहरातल्या वेगवान मोटारी आणि मोटारसायकली येथे पाय मोकळे करायला येतात. म्हणून हा टप्पा आठवड्याच्या मधल्या वारी करावा आणि उन्हे वर येण्याआधी मुट्टुकाडूची खाडी गाठावी. खाडीच्या पुलावर मात्र थांबावेच. एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडीचे शांत पाणी आणि त्यात उभे असलेले मच्छीमार.

सोबत मुले असतील तर वाटेत दोन ठिकाणे आहेत. एक दक्षिणचित्र, १९९६ मध्ये सुरू झालेले. दक्षिणेतल्या राज्यांतली जुनी घरे मूळ जागेवरून उतरवून येथे पुन्हा उभी केली आहेत. दुसरे वडनेम्मेली येथील मगर उद्यान, रोम्युलस आणि झाई व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये स्थापलेले. दोन्ही पाहायची तर महाबलीपुरमला पोचायला दुपार होईल.

महाबलीपुरमची देवळे आणि रथ यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. सायकलवाल्याने संध्याकाळी निदान एका शिळेपुढे निवांत बसावे. सुमारे २७ मीटर लांब आणि ९ मीटर उंच अशा खडकावर हत्ती, ऋषी, देव, किन्नर यांची दाटी कोरली आहे. कोणी त्याला अर्जुनाची तपश्चर्या म्हणतात, कोणी भगीरथाची. एका पायावर उभे राहून तप करणारे लबाड मांजर आणि त्याच्यासमोर भाविकपणे जमलेले उंदीर शोधण्यात मुलांचा अर्धा तास जातो. खडकाच्या मधोमध एक उभी भेग आहे. भेगेत नाग-नागीण वर सरकत आहेत. माथ्यावर पाण्याचे कुंड होते आणि तेथून सोडलेले पाणी या भेगेतून खाली पडे, असे अभ्यासक सांगतात. तेराशे वर्षांपूर्वीच्या पल्लव कलावंतांनी एवढा मोठा पट कोरला तो पाणी खाली उतरण्याच्या एका घटनेभोवती, हे भगीरथाची कथा मानणाऱ्यांना तरी पटते.

दुसरा टप्पा : पक्षीतीर्थ आणि रामाने राखलेले तळे

दुसऱ्या दिवशी समुद्राकडे पाठ फिरवून पश्चिमेला वळायचे. चौदा-पंधरा किलोमीटरवर तिरुक्कळुकुंड्रम लागते. नाव परके वाटेल, पण आजीला विचारा. रामेश्वराची यात्रा केलेल्या जुन्या मराठी मंडळींना हे गाव ‘पक्षीतीर्थ’ म्हणून पक्के ठाऊक असे. पाचशेहून अधिक पायऱ्या चढून गेले की रोज दुपारी दोन पांढरी गिधाडे पुजाऱ्याच्या हातचा भात खायला येत. ते काशी-रामेश्वर करणारे ऋषी आहेत अशी श्रद्धा. गेल्या शतकाच्या अखेरीस ती येईनाशी झाली. कलियुग वाढले म्हणून, असे गावकरी म्हणतात. देशभर गिधाडे त्याच सुमारास झपाट्याने घटली आणि त्यामागे गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध होते, हे आता सिद्ध झाले आहे. या डोंगरावरच्या जोडीचे नेमके काय झाले याची नोंद कोणी ठेवली नसली, तरी माथ्यावरून दिसणारा देखावा पायऱ्यांचा शीण घालवतो. खाली देवळाची गोपुरे, गावचे शंखतीर्थ आणि दूरवर भातशेतीत चमकणारी पाण्याची थिगळे.

तेथून तितकेच अंतर चेंगलपट्टूचे. चेन्नईहून तिरुचीकडे आगगाडीने गेलेल्यांनी येथील कोलवाई तळे खिडकीतून पाहिलेले असते. सायकल झाडाला टेकवून पाहिले की मग त्याचा विस्तार कळतो. नंतर महामार्गावर पालार नदीचा लांबलचक पूल येतो. नदीत बहुतेक वेळा पाण्यापेक्षा वाळूच अधिक. हा महामार्गाचा तुकडा कंटाळवाणा आहे. ट्रक अंगावरून जातात, सावली नाही. मान खाली घालून पायडल मारावे आणि मदुरांतकम गाठावे.

मदुरांतकमचे तळे एखाद्या छोट्या समुद्राएवढे वाटते. त्याच्या बांधाजवळच्या कोदंडराम मंदिरातला देव ‘एरी कात्त रामर’ म्हणून ओळखला जातो, म्हणजे तळे राखणारा राम. त्याची कथा अशी. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे लायोनेल प्लेस नावाचा इंग्रज कलेक्टर होता. पावसाळ्यात या तळ्याचा बांध वारंवार फुटे. मंदिरात देवीच्या देवळीसाठी जमवलेला दगड बांधाला का वापरत नाही, असे त्याने पुजाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, देवावर भरवसा ठेवा. त्या वर्षी मुसळधार पाऊस झाला. रात्री बांधाची पाहणी करायला गेलेल्या साहेबाला विजेच्या उजेडात धनुष्यबाण घेतलेले दोन तरुण बांधावर पहारा देताना दिसले. सकाळी बांध शाबूत होता आणि साहेबाने देवीचे देऊळ बांधून दिले.

कथेवर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण देवाला गाभाऱ्यातून काढून बांधावर पहाऱ्याला उभे करणाऱ्या गावाला बांधाची किंमत किती होती, हे त्यातून पुरेपूर दिसते.

मुक्काम वेदांतंगलला करावा. मदुरांतकमहून आडवाटेने गेले तर सूर्यास्तापूर्वी पोचता येते आणि तेच साधायला हवे. तळे लहानसे, सुमारे तीस हेक्टरांचे. त्यात पाण्यातच उभी असलेली झाडे. संध्याकाळ झाली की आकाशाच्या चारी कोपऱ्यांतून पक्ष्यांच्या माळा उतरू लागतात. मुग्धबलाक, चमचे, चित्रबलाक, पाणकावळे, राखी बगळे, रातबगळे, झोळीवाले पाणकोळी. प्रत्येक झाडावर मजले ठरलेले असावेत तसे ते आपापल्या जागी बसतात आणि मग जो कलकलाट चालतो तो ऐकून दादरच्या फुलबाजाराची आठवण यावी. पक्षी पाहण्याची दुर्बीण असेल तर आणावी. नसेल तरी बांधावरून नुसत्या डोळ्यांनी भरपूर दिसते.

हे पक्षी सरकारने राखले, हे अर्धेच खरे. अभयारण्य १९३६ मधले. त्याच्या कितीतरी आधी गावकऱ्यांनीच ते राखले होते, आणि त्यामागे भूतदयेइतकाच रोकडा हिशेब होता. पक्ष्यांची विष्ठा तळ्यात पडते, तेच पाणी खालच्या भातखाचरांत जाते आणि खताचा खर्च वाचतो. शिकारी गोरे सोजीर येथे पक्षी मारू लागले तेव्हा गावकरी कलेक्टरकडे तक्रार घेऊन गेले आणि १७९८ मध्ये त्यांना पक्षी राखण्याचा लेखी हक्क मिळाला. देणारा साहेब कोण? मदुरांतकमच्या बांधावर राम-लक्ष्मण पाहिलेला तोच लायोनेल प्लेस!

वेदांतंगल आणि जवळचे करिकिली ही दोन्ही तळी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत गेली. त्याआधी दोनच वर्षे, २०२० मध्ये, वेदांतंगलभोवतीचा पाच किलोमीटरचा संरक्षित पट्टा तीन किलोमीटरवर आणण्याचा प्रस्ताव पुढे आला होता आणि त्यावर मोठे काहूर उठले होते. रातबगळ्याला नकाशा वाचता येत नाही. तो चारा शोधायला आजूबाजूच्या तळ्यांवर आणि खाचरांत जातो. घरटे राखले आणि ताट काढून घेतले तर तो कशाला येईल?

तिसरा टप्पा : सहा माणसांची समिती

तिसरा दिवस सर्वांत सुखाचा. अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर, रस्ते अरुंद, रहदारी तुरळक. शाळेला निघालेली मुले सायकलींवरून शर्यत लावतात आणि बहुधा जिंकतात. वाटेतल्या टपरीवर केळीच्या पानाच्या तुकड्यावर इडली, वर सांबार, आणि शेवटी पितळी वाटी-पेल्यातून उंचावरून ओतून फेसाळलेली कॉफी. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलात तर नुंगूही मिळतात, म्हणजे आपले ताडगोळे. नुंगंबाक्कमच्या नावात हा शब्द कानाला हटकून ऐकू येतो.

या प्रदेशात एक तळे एकटे नसते. वरच्या तळ्याच्या सांडव्यातून निघालेले जादा पाणी खालच्या तळ्यात, तेथून पुढच्यात, असे साखळीने जाते. विदर्भातल्या भंडारा-गोंदियाच्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. तेथील माजी मालगुजारी तलाव याच शहाणपणाचे भाऊबंद. साखळीतली एक कडी तुटली तर खालचे गाव कोरडे पडते किंवा बुडते.

म्हणून तर उत्तिरमेरूरच्या वैकुंठ पेरुमाळ मंदिराच्या भिंतींपुढे उभे राहावे. देऊळ लहान, रस्त्यालगतचे. चुकून पुढे निघून जाण्याजोगे. पण त्याच्या दगडांवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले, इसवी सन ९१९ आणि ९२१ चे लेख आहेत. गावचा कारभार कोणी आणि कसा चालवायचा याचे नियम त्यांत कोरले आहेत. गावाचे तीस भाग. प्रत्येक भागातून पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून मडक्यात टाकायची आणि लहान मुलाकडून एक एक चिठ्ठी काढून घ्यायची. वय पस्तीस ते सत्तर. स्वतःची करपात्र जमीन आणि स्वतःच्या जागेवर घर हवे. ज्याने आधी काम केले आणि हिशेब दिला नाही, तो बाद. त्याचे नातेवाईकही बाद! या नियमाची आठवण झाली की आपल्याकडच्या कित्येक संस्था डोळ्यांपुढे येतात.

अशा निवडलेल्या माणसांतून बारा जणांची वार्षिक समिती, बारा जणांची बागांची समिती आणि सहा जणांची ‘एरी वारियम’, म्हणजे तळ्याची समिती. याला लोकशाही म्हणून फार नाचवू नये. ही ब्राह्मण वसाहतीची सभा होती. बायकांना, भूमिहीनांना तीत जागा नव्हती. पण तळे ही सहा नावे असलेल्या माणसांची जबाबदारी आहे आणि वर्षाअखेर त्यांना जाब द्यायचा आहे, एवढे अकराशे वर्षांपूर्वी दगडावर लिहून ठेवले गेले. उत्तिरमेरूरच्या वैरमेघ तटाक या तळ्याचे नावही पल्लव राजाच्या बिरुदावरून पडलेले, आणि तळे अजून आहे.

दुपारनंतर कांचीपुरम. देवळांचा आणि रेशमाचा हा गाव एका संध्याकाळीत पाहून होणारा नव्हे. जमल्यास एक दिवस जास्त काढावा. साडी घ्यायची असेल तर विणकराला पदर आणि काठ वेगळे विणून अंगाशी कसे जोडले आहेत ते दाखवायला सांगावे. खरी जोडणी पाहिली की किमतीवर हुज्जत घालणे जड जाते. मिरे, जिरे आणि सुंठ घातलेली कांचीपुरम इडली खाल्ल्याशिवाय झोपू नये.

वरदराज मंदिराच्या आवारात अनंतसरस नावाचे तळे आहे. त्याच्या तळाशी औदुंबराच्या लाकडाची अत्तिवरदर ही मूर्ती पाण्यात झोपलेली असते आणि चाळीस वर्षांनी एकदा, अठ्ठेचाळीस दिवसांसाठी बाहेर येते. ती १९७९ मध्ये आली, नंतर १ जुलै २०१९ ला. लाखो लोक दर्शनाला लोटले. योगायोग असा की, त्याच जुलैत सत्तर-बहात्तर किलोमीटरवरच्या चेन्नईत नळ कोरडे होते. पूंडी, चोलावरम, पुळल, चेंबरंबाक्कम हे शहराचे चारही जलाशय आटले होते. १२ जुलैला दोनशे किलोमीटरहून दूरच्या जोलारपेट्टैहून पाण्याची आगगाडी आली, पंचवीस लाख लिटर घेऊन. लातूरच्या मंडळींना २०१६ ची मिरजेहून आलेली गाडी आठवेल.

चौथा टप्पा : आपल्याच रस्त्याने परत

शेवटचा टप्पा लांब आणि सगळ्यांत रुक्ष. सुमारे पंचाहत्तर किलोमीटर आणि बहुतेक महामार्गावरून. हा राष्ट्रीय महामार्ग ४८, म्हणजे मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, बेंगळुरूवरून आलेला तोच. कात्रजला किंवा कागलला ज्याची धूळ खाल्ली तोच रस्ता येथे भेटतो, हे वाचून घरच्यासारखे वाटेल. पण ट्रक तेथल्यापेक्षा कमी नाहीत. सेवारस्ता मिळेल तेथे तोच धरावा. ज्यांना हे नको असेल त्यांनी कांचीपुरमला फेरी संपवावी, त्यात कमीपणा नाही.

या पट्ट्यात परांदूर येथे चेन्नईचा नवा विमानतळ करण्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. त्या जागेत भातशेती आणि तळी येतात म्हणून एकनापुरमच्या ग्रामस्थांनी आंदोलन उभारले. पुढे श्रीपेरुंबुदूर, रामानुजाचार्यांचे जन्मगाव. येथेच २१ मे १९९१ च्या रात्री राजीव गांधींची हत्या झाली; स्मारकाजवळ रस्त्यावरचा गोंगाटही काही क्षण मागे राहतो. मग मोटारींचे कारखाने, गोदामे, कुंपणे. तळी येथेही आहेत, फक्त भिंतींच्या फटींतून दिसतात.

चेंबरंबाक्कमला मात्र आडवळण घेऊन जावे. जेथे परवानगी असेल तेथूनच हा जलाशय पाहावा. पूर्ण भरला की पाण्याची उंची २४ फूट. चेन्नईला पाणी पाजणारा हा जलाशय, आणि १ डिसेंबर २०१५ च्या त्या भयंकर पावसात याचे दरवाजे उघडले गेले तेव्हा २९,००० क्युसेकपर्यंत पाणी अड्यार नदीत उतरले आणि नदीकाठचे शहर बुडाले. तांबरमला त्या एका दिवसात ४९ सेंटिमीटर पाऊस झाला होता. वरच्या आणि मधल्या कितीतरी तळ्यांची पोटे तोवर भरावाने आणि घरांनी भरली होती. साखळीने खाली यायचे पाणी एकदमच आले.

पोरूरचे तळे डावीकडे ठेवून वडपळनी, मग कोडंबाक्कमचा पूल. चार दिवसांच्या शांततेनंतर येथले भोंगे कानठळ्या बसवतात. पूल उतरला की वळ्ळुवर कोट्टमचा दगडी रथ दिसतो. घरची मंडळी मुक्कामांवर बसने किंवा चेंगलपट्टूच्या लोकल गाडीने येऊन भेटणार असतील तर त्यांनाही परतीला नुंगंबाक्कम स्टेशन सोयीचे आहे.

कोट्टमसमोरच्या कोणत्याही उपाहारगृहात कॉफी मिळते. सायकल बाहेर लावावी, रेशमी साडीचे पुडके मात्र आत न्यावे. आणि जाता जाता ‘लेक एरिया’च्या गल्ल्यांतून एक फेरी मारावी. क्रॉस स्ट्रीट पहिला, दुसरा, तिसरा... चार दिवस बांधावरून सायकल चालवलेल्या माणसाला, येथे पाणी कोठून येत असेल आणि सांडवा कोणत्या अंगाला असेल, हे आता विचारल्यावाचून राहवत नाही.